पहिल्या वर्षात बाळाला खरंच किती पैसे लागतात?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भुसावळला भाड्याची खोली, भाडं ४ हजार. जळगावच्या एमआयडीसीत नोकरी, कापून हातात १८ हजार. मिसेस घरी पिको-फॉल करतात, त्याचे महिन्याला तीनेक हजार सुटतात. शिल्लक २५ हजार. पाचवा महिना चालू आहे, तारीख मार्चअखेरची, आणि पहिलं बाळंतपण म्हणून त्या माहेरी पारोळ्याला जाणार. कंपनीतले मित्र म्हणतात, पहिल्या वर्षात ३ लाख तरी धरून चाल. म्हणून पतसंस्थेतून २ लाख आत्ताच उचलून ठेवावेत का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. कर्ज आत्ता काढू नका. पण "बाळ आपलं नशीब घेऊन येतं, काही लागत नाही" असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी २३ वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. बाळ आल्यावर कर्जात गेलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी पैसा गेला तो घाबरून किंवा चारचौघांच्या लाजेखातर. आणि ज्या चार दिवसांत तो खरोखर हवा होता, त्या दिवशी खिसा रिकामा होता. म्हणून मी आकड्यापेक्षा पैसा कुठे लागतो, कधी लागतो आणि कुठे मुळीच लागत नाही, यावर जास्त लिहिणार आहे.

आता कर्जाचं गणित बघा. २ लाख १४ टक्क्यांनी ३ वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता पावणेसात हजारांच्या वर जातो. भाडं आणि हप्ता जाऊन तुमच्या पगारातले सात-सव्वासात हजार उरतात. इतक्यात घर चालवताना पहिली कात्री कशाला लागते, ते मला माहीत आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा, डायपर, दवाखाना चालूच राहतो. बाळंतिणीच्या ताटातली डाळ, अंडी, दूध, भाजी कमी होते. म्हणजे बाळासाठी काढलेलं कर्ज बाळाच्या आईच्या तोंडचा घास काढतं.

काही गोष्टी आत्ता कुणालाच सांगता येणार नाहीत. बाळंतपण नॉर्मल होईल की सिझेरियन, बाळ पूर्ण दिवसांचं येईल की आधी, वजन किती भरेल. यावर खर्च दुपटी-चौपटीने बदलतो. बाळंतपण कुठे करायचं, आणि बाळ अंगावर पिणार की डब्यावर, हे मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

बाळंतपणापासून सुरुवात करू. आमच्या भागात खाजगीत नॉर्मल बाळंतपणाला साधारण २० ते ३५ हजार आणि सिझेरियनला ४० ते ७० हजार होतात. खोली कुठली, मुक्काम किती, यावर वर-खाली. तुम्ही खाजगीत जायचं ठरवलं तर आत्ताच जाऊन विचारा की सांगितलेल्या रकमेत औषधं, भूलतज्ज्ञ, बाळाला तपासायला येणारे डॉक्टर धरलेत का. हे विचारायला संकोच करू नका. मला कुणी असं आधी विचारलं तर बरं वाटतं, कारण डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर होणारी ओढाताण दोन्ही बाजूंना नको असते.

पण त्याआधी तुमच्या पगाराची चिठ्ठी काढा. 'ईएसआयसी' नावाची छोटी कपात दिसते का? तुमचा कपातीआधीचा एकूण पगार २० हजारांच्या आसपास असेल तर ती दीडशे रुपये असेल. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ही योजना लागू होते आणि तिच्यात बायको-मुलांचे उपचारही येतात. माझ्याकडे एमआयडीसीतली कितीतरी मुलं येतात, ज्यांच्या पगारातून वर्षानुवर्षं पैसे कापले जातात आणि घरच्यांची नावं कार्डावर चढलेलीच नसतात. बायकोचं नाव चढलंय का बघा, ईएसआयसीच्या दवाखान्यात जाऊन प्रसूतीसाठी कुठल्या रुग्णालयात पाठवतात ते विचारा, आणि बाळ झाल्यावर त्याचंही नाव लगेच घाला. हे काम या आठवड्यात करा.

दुसरी वाट सरकारी रुग्णालयाची. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी ठिकाणी बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त आणि मुक्कामातलं जेवण मोफत आहे. आणायला-सोडायला १०२ ची गाडी आहे. आजारी बाळाचे उपचारही वर्षाचं होईपर्यंत यात मोफत आहेत. तिथे गर्दी असते, एका खाटेशेजारी चार नातेवाईक उभे असतात, वॉर्डात बोलणारं माणूस नेहमी गोडच बोलेल असं नाही. हे मी झाकणार नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष एकाच आवारात असतो. छोट्या खाजगी दवाखान्यात हे तिन्ही क्वचितच मिळतं. पारोळ्याहून तुम्हाला धुळे जवळ पडेल. माहेरी जायच्या आधीच सासऱ्यांशी बोलून ठरवून ठेवा की रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर गाडी कुठल्या दिशेला निघणार. हा निर्णय ऐनवेळी, दहा माणसांच्या दहा मतांत होऊ देऊ नका.

आता जिथे पैसा खरंच लागू शकतो, त्याबद्दल. सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. चोपड्याकडचं एक जोडपं, बाळ ३२ आठवड्यांत झालेलं, वजन १,४५० ग्रॅम. दुपारी तीनच्या सुमाराला बाप माझ्यासमोर बसला आणि त्याने शर्टाच्या वरच्या खिशातून चार घड्या घातलेली पिवळी पावती काढून टेबलावर ठेवली. सोनाराकडे पोत गहाण ठेवल्याची. मला वाटलं आजची असेल. तारीख महिनाभर आधीची होती. डोहाळजेवणाला दोनशे माणूस बोलावलं होतं, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांचा स्वयंपाक, त्यासाठी पोत गेली होती. "मॅडम, आता हेच होतं," एवढंच तो म्हणाला. खाजगी नवजात अतिदक्षता कक्षात आमच्याकडे दिवसाला ५ ते १० हजार लागतात, व्हेंटिलेटर लागला तर त्याहून जास्त, आणि इतक्या लहान बाळाला तीन-चार आठवडे राहावं लागतं. तुम्हीच गुणाकार करा.

मी जिल्ह्याच्या सरकारी कक्षात फोन लावला आणि बाळाला १०८ मधून तिकडे पाठवलं. तो माणूस जायला तयार नव्हता. सरकारीत पाठवणं म्हणजे मी हात वर केले, असं त्याला वाटलं. बाळ तिथे २३ दिवस राहिलं. तब्येत स्थिरावल्यावर आईने त्याला रोज तासन्‌तास उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरलं. याला आम्ही कांगारू पद्धत म्हणतो. कमी वजनाच्या बाळासाठी याच्याइतकं चांगलं आणि बिनखर्चाचं दुसरं काही मला माहीत नाही. महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही झाली. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं तर ही तपासणी चुकवू नका. ती चुकली तर बाळाची नजर कायमची जाऊ शकते. तो मुलगा आता शाळेत जातो आणि माझ्याकडे आला की स्टेथोस्कोप ओढतो.

म्हणून तुमच्या २५ हजारांना आत्ता हात लावू नका. दर महिन्याला त्यात जमेल तेवढी भर घाला, मार्चपर्यंत ३५-४० होतील. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि बाळाचा सव्वा महिना होईपर्यंत बारसं, कपडे, पाहुणे, कशासाठीही काढू नका. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि नवजात बाळांच्या अतिदक्षतेतले अनेक उपचार त्यात येतात. खाजगीत जायची वेळ आलीच तर योजनेत असलेलंच रुग्णालय निवडा, आणि भरती करतानाच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) गाठा. बिल झाल्यावर कार्ड दाखवून उपयोग होत नाही. रेशनकार्ड आणि दोघांची आधारकार्डं एका पिशवीत घालून ती माहेरच्या बॅगेबरोबर पाठवा. पंधरा रुपयांच्या प्लास्टिकच्या फोल्डरअभावी रात्रभर धावाधाव झालेली मी पाहिली आहे.

एवढं झालं की पुढचा सगळ्यात मोठा आकडा दुधाचा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण महिन्याचं बजेट कोलमडतं ते इथेच.

महिन्याच्या बाळाला घेऊन आजी येते आणि म्हणते, "मॅडम, पोरले मायनं दूध पुरस नही." पिशवीत डब्याची पावडर फोडलेली असते. मी आधी बाळाला काट्यावर ठेवते. गेल्या महिन्यातलंच एक उदाहरण घ्या: जन्माला २ किलो ८००, तिसाव्या दिवशी ३ किलो ६००. आठशे ग्रॅम वाढलेल्या बाळाला दूध पुरत नाही असं कसं म्हणायचं? आजीला कार्डावरच्या आलेखात टिंब काढून दाखवलं. बाळ संध्याकाळी रडतं, दर दीड-दोन तासांनी ओढतं, छाती पहिल्यासारखी गच्च लागत नाही; यावरून घरचे ठरवतात की दूध आटलं. खूण वेगळी आहे. चोवीस तासांत सहापेक्षा जास्त वेळा लघवी, दहा-पंधरा दिवसांत जन्माचं वजन परत गाठणं आणि पुढे रोज पंचवीस-तीस ग्रॅम वाढ. हे होत असेल तर दूध पुरतंय.

डब्याचा हिशेब मी पालकांसमोर कागदावर मांडते, तुम्हालाही मांडून देते. तीन महिन्यांचं, साडेपाच किलोंचं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या वर दूध पितं. शंभर मिलिला साधारण १३ ग्रॅम पावडर लागते. म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपला. महिन्याला सात-आठ डबे. एका डब्याला चारशे-साडेचारशे धरले तरी महिन्याला ३ हजारांच्या वर, म्हणजे तुमच्या मिसेसची सगळी कमाई. आणि इतके पैसे नसले की काय होतं? डबा पुरवायला पाणी वाढवतात. दोन चमच्यांच्या जागी एक. बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि वजन महिनोन्‌महिने हलत नाही. बाटली नीट उकळली गेली नाही की जुलाब होतात, मग भरती. त्या भरतीचा खर्च डब्याच्या हिशेबात कुणीच धरत नाही.

काही आयांना खरंच दूध कमी येतं, कुणाला आजार असतो, कुणाची काही औषधं चालू असतात. त्यांनी पावडर दिली तर त्यात काही गुन्हा नाही, डॉक्टरांकडून माप समजून घ्या आणि ते पाळा. पण सुरुवात डब्याने करू नका. जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक (पहिलं घट्ट दूध) फेकू नका, सहा महिने वरून पाणीसुद्धा नको. पहिल्या आठवड्यात बाळ नीट धरत नसेल, चिरा पडत असतील, तर नर्सला किंवा डॉक्टरला शेजारी बसवून धरायची पद्धत शिकून घ्या. एक तपासणी-फी गेली तरी चालेल, पुढचे वीस डबे वाचतात. आणि कुणी डब्याचा मोफत नमुना हातात ठेवला तर परत करा. १९९२ च्या कायद्याने बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आणि असे नमुने वाटायला मनाई आहे.

याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या घरात दुधाचा खर्च आईच्या ताटावर व्हायला हवा. दिवसाला पन्नास रुपये जास्तीचे धरा, महिन्याला दीड हजार. डाळ, एक-दोन अंडी चालत असतील तर अंडी, पालेभाजी, शेंगदाणे, दूध, बाजरी किंवा दादर ज्वारीची भाकर. अळीव-डिंकाचे लाडू करा, चांगले असतात, पण फक्त लाडू आणि तूप-भात देऊन बाळंतिणीची डाळ-भाजी "बाळाला बाधते" म्हणून बंद करू नका. आमच्याकडे अजून पुष्कळ घरांत असं होतं.

लसी. इथे तुमचे मित्र सर्वांत जास्त घाबरवतात, म्हणून स्पष्ट लिहिते. बीसीजी, पोलिओ, कावीळ ब, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), जुलाबाची रोटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, गोवर-रुबेला, हे सगळं सरकारी केंद्रात फुकट आहे. पीसीव्ही २०२१ पासून देशभर मिळते. तीच बाहेर हजारो रुपयांना एक डोस अशी पडते. सगळं वेळापत्रक खाजगीत केलं तर २५-३० हजारांच्या पुढे सहज जातं. 'न दुखणारी' म्हणून जी महाग लस सांगतात, तिने ताप कमी येतो, एवढाच फरक. संरक्षण तिचं सरस नाही. मी स्वतः माझ्या दवाखान्यात या लसी देते, तरी तुमच्या पगारातल्या माणसाला मी सरकारी लसच घ्यायला सांगते. टायफॉइड, फ्लू, कांजिण्या या वरच्या लसी आहेत. पुढे हातात पैसे आले तर त्यातली टायफॉइडची आधी घ्या, आपल्याकडे पाण्याची स्थिती तुम्हाला माहीत आहे.

मार्चअखेरची तारीख वाचून मला पैशांआधी उन्हाची काळजी वाटली. तुमच्या बाळाचा पहिला सव्वा महिना भुसावळ-पारोळ्याच्या एप्रिल-मेमध्ये जाणार. दर उन्हाळ्यात माझ्याकडे आठ-दहा दिवसांची बाळं तापाने फणफणलेली येतात. अंगात झबलं, डोक्याला कुंची, वर दोन दुपटी, त्यावर गोधडी, आणि खोलीवर पत्रा. जंतुसंसर्ग असू शकतो म्हणून भरती करावं लागतं, रक्त तपासावं लागतं, दोन-तीन दिवसांचं बिल होतं, आणि शेवटी कळतं की बाळ नुसतं तापलं होतं, दूध कमी पडून सुकलं होतं. (नवजात बाळाला ताप आला तर उन्हाचा असेल म्हणून घरी थांबू नका, हे मात्र लक्षात ठेवा.) जिथे राहणार तिथल्या खोलीत कूलर नसेल तर जुना का होईना, एक घ्या; हा खर्च करायला मी तुम्हाला आपणहून सांगतेय. वारा थेट अंगावर नको, खिडकी उघडी, सुती पातळ झबलं, आणि वरचेवर अंगावर पाजणं. पाणी पाजायचं नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आईने मात्र तांब्याभर पाणी जवळ घेऊनच पाजायला बसावं.

कपड्यालत्त्याचं फार लिहीत नाही. लंगोट, दुपटी जुन्या मऊ सुती साड्यांची, घरच्या मशीनवर तुमच्या मिसेसच सुंदर करतील. डायपर दिवसाला सहा वापरले तर महिन्याला २ हजारांच्या आसपास होतात. प्रवासाला आणि रात्री एखादा ठेवा, त्या उन्हात दिवसभर डायपर घातला तर पुरळही येतं. वॉकर घेऊ नका, त्याने मूल लवकर चालत नाही, पडून मात्र येतं. भूक वाढवायची, दात येण्याची, मेंदूची टॉनिकं नकोत. धुरी, काजळ, घुटी नको. धुरीने छाती भरलेली बाळं मी दर थंडीत पाहते. यावर आजी नाराज होतील. त्यांना मालिश करू द्या, त्यात त्यांची माया आहे आणि बाळालाही ते आवडतं, फक्त नाका-कानात तेल घालू देऊ नका.

दोन छोटे खर्च मात्र नक्की करा. जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या पुढे थायरॉइडची रक्ततपासणी, चार-पाचशे रुपयांत होते. थायरॉइड कमी असलेलं बाळ सुरुवातीला अगदी निरोगी दिसतं, आणि उशिरा कळलं तर मेंदूची वाढ खुंटते ती भरून निघत नाही. दुसरं, रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब, वर्षभर. सहा महिन्यांनंतर लोहाचं औषध आशाताईंकडे मिळतं. जुलाब झाले तर ओआरएस आणि १४ दिवस झिंक. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का बघा, फळांच्या चवीची गोड पेयं घेऊ नका.

सहा महिन्यांनंतरच्या खाण्याला डब्यातलं तयार अन्न लागत नाही. केळं तर आपल्या जिल्ह्याचंच. मऊ तुरीची खिचडी वरून तूप सोडून, वरणात कुस्करलेली कळण्याची भाकर, उकडलेलं अंडं, शिजवलेला भोपळा. कळण्यात ज्वारी आणि उडीद एकत्र असतात, आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच धान्य-डाळीचं मिश्रण करत आल्या आहेत. वर्षाच्या आत मध चाटवू नका. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार घ्या, तो घ्यायला लाजू नका.

आता ज्यावर तुम्ही प्रश्नात एक ओळ लिहिली आहे आणि जी मला सगळ्यात जड वाटली: "बाळंतपणाचा खर्च सासरे करतील, पण त्यांचीही दोन एकर कोरडवाहू आहे." भाऊ, पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत मी जाणते. मुलगी आईजवळ विसावते, ते चांगलंच आहे. पण त्या रीतीत बिल कापूस विकून, नाहीतर व्यापाऱ्याकडून उचल घेऊन मुलीचा बाप भरतो, वर बाळंतविडा, जावयाचे कपडे, बाळाचे वाळे-मनगट्या. तुम्ही स्वतः पारोळ्याला जा आणि सासऱ्यांना सांगा की दवाखान्याचे पैसे आमचे, तुम्ही फक्त लेकीला सांभाळा. ते आधी नाही म्हणतील. दोनदा म्हणा. बाळंतविड्यातही सोनं नको, त्याऐवजी तोच कूलर चालेल, हेही तुमच्याच तोंडून गेलं पाहिजे, तुमच्या मिसेसना बोलायला लावू नका. जावळ गडावर काढायचं असेल तर काढा, नवस असेल तर फेडा, पण पंगत घरच्यांची ठेवा. बारशाला पन्नास माणसांत होणारा आनंद तीनशे माणसांत सहापट होत नाही, आणि सव्वा महिन्याच्या बाळाला तीनशे हातांतून फिरवलं की आठवड्याने ते माझ्यासारख्याच्या दवाखान्यात खोकत येतं.

एक खर्च कुणीच धरत नाही: मिसेसची पिको-फॉलची कमाई निदान पाच-सहा महिने थांबेल. तो १५-१८ हजारांचा खड्डा आहे. तो भरायला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५ हजार उपयोगी पडतील, ३ आणि २ हजार अशा दोन हप्त्यांत. अट उत्पन्नाची आहे, तुम्ही बसाल. नोंद अंगणवाडीताई किंवा आशाताई करतात. बँक खातं मिसेसच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं.

तर इथवरचा जमाखर्च. बाळंतपण ईएसआयसी किंवा सरकारीत, दूध अंगावरचं, लसी सरकारी, असं धरलं तर आईचं जास्तीचं खाणं १८ हजार, आठ-दहा वेळा डॉक्टर आणि औषधं ६ हजार, कपडे-डायपर ५-६ हजार, वरचं खाणं ५ हजार, जाण्या-येण्याचे ३ हजार. वर्षाला ३५ ते ४० हजार, महिन्याला साधारण तीन-सव्वातीन. तुमच्या पगारात ओढून-ताणून बसणारं आहे. खाजगी सिझेरियन झालं तर त्यावर ५०-६० हजार. मित्रांचे ३ लाख होतात ते खाजगी बाळंतपण, डबा, खाजगी लसी, मोठं बारसं आणि सोनं एकत्र केल्यावर. ते खोटं सांगत नाहीत, त्यांनी ते खर्च केलेत. कर्जाची गरज पडलीच तर ती बाळ आजारी पडल्यावर पडेल. पतसंस्थेत खातं आणि जामीनदार तयार ठेवा, पैसे उचलू नका.

पुढच्या वर्षांचं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून सगळीकडे तोच दाखला लागणार आहे. मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेत जन्माला ५ हजार आणि अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार मिळतात, तो अर्ज अंगणवाडीत द्या. पोस्टात सुकन्या खातं वर्षाला २५० रुपयांपासून चालतं. मुलगा असो वा मुलगी, बाळाच्या नावाच्या महागड्या विमा पॉलिसीआधी तुमच्या स्वतःच्या नावाचा साधा मुदत विमा घ्या, कारण घरात कमावते तुम्ही आहात.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. पाचवा महिना म्हणता, तर मिसेसचं हिमोग्लोबिन किती आहे? कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांच्या आयांची कार्डं मी उघडते तेव्हा तिथे पुष्कळदा ८, साडेआठ असे आकडे असतात, आणि लोहाच्या गोळ्यांची पाकिटं घरी तशीच पडलेली असतात. उद्या आशाताईंकडून तपासून घ्या. ११ च्या खाली असेल तर मला इथेच आकडा कळवा आणि गोळी कशाबरोबर, किती वाजता घेतात तेही लिहा; चहाबरोबर घेत असतील तर आधी ते बदलू.